पापलेटचं नाक

तळासरीला हायवेच्या कडेला आमची शेड आहे. अर्ध्या भागात जयंतीभाईंचं गॅरेज, अर्ध्या भागात माझं लेथ मशीन, आणि मधे भिंत नाही. भिंत घालायची असं आम्ही वीस वर्षं ठरवतोय. ती नसल्यामुळे त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची कहाणी मला ऐकावी लागते, आणि माझ्याकडच्या प्रत्येक वादात जयंतीभाई हक्काने तोंड घालतात. अशा जागेत किस्से साठणार नाहीत तर काय होणार! एक सांगून संपवावा तर त्याच्या शेपटीला धरून आणखी दोन बाहेर येतात.

त्यातही ‘पापलेट’चे किस्से म्हणजे कहर. ट्रकचं बुश बदलायला आलेला ड्रायव्हरसुद्धा आधी विचारतो, "ती पापलेटची काय भानगड होती, मिस्त्री?" जयंतीभाई सांगायला बसले की त्या गोष्टीत दर वर्षी एक स्पीडब्रेकर वाढतो. आमचा मेकॅनिक लहानू सांगतो तेव्हा ती दोन वाक्यांत संपते. म्हणून म्हटलं, आपणच एकदा नीट सांगून टाकावी.

२०१६ चा उन्हाळा होता, एवढं नक्की. कारण त्याच मे महिन्यात माझ्या लेथची मोटर जळली होती आणि मी सगळ्या जगावर चिडलेलो होतो.

* * *

पापलेट आमच्याकडे आली ती टेम्पोत बसून.

म्हणजे होती ती गाडीच. स्पोर्ट्स कार! चंदेरी, दोन सीटची, परदेशी, मुंबईत कुणाकडून तरी जुनी घेतलेली. छप्पर इतकं खाली की लहानू त्याच्यावर कोपर टेकून उभा राहिला. टेम्पोतून उतरवली तेव्हा तिचा पुढचा बंपर जागेवर नव्हता. तो ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर होता, आणि त्याला सीटबेल्ट लावलेला होता!

मालकाचं नाव निलेश. वरोरचा, मच्छीमार घरातला, जहाजावर इंजिनिअर. सहा-सात महिने पाण्यावर, मग दोन-तीन महिने घरी. त्याने हसत हसतच बंपरची हकिकत सांगितली, पण कान लाल झाले होते.

त्याच्या घराकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी नाल्यावर एक मोरी आहे. उधाणाचं पाणी गल्लीत शिरू नये म्हणून तिच्यावर चांगला उंचवटा बांधलाय. निलेश मोठ्या थाटात गाडी घेऊन आला आणि चाकं चढायच्या आधीच गाडीचं नाक उंचवट्याला टेकलं. पुढेमागे करण्याच्या नादात ते असं अडकलं की हलेना. गल्लीतली वीसेक माणसं धावत आली. सगळे समुद्रावर जाणारे. जड वस्तू वाळूवर ओढून घेणं त्यांच्या हातातलं काम. होडी ओढायची तर दोर पुढच्या टोकाला बांधतात, म्हणून त्यांनी गाडीच्याही पुढच्या टोकाला बांधला. एकाने आरोळी दिली, वीस जणांनी एकदम जोर केला, आणि वीसच्या वीस जण बंपरसकट मागच्या मागे पडले!

"आणि गाडी?" मी विचारलं.

"गाडी तिथंच," निलेश म्हणाला. "हँडब्रेक ओढलेला होता."

* * *

पण तो आमच्याकडे आला होता ते बंपरसाठी नाही.

हा सगळा तमाशा त्याचे वडील दारात उभं राहून बघत होते. काशिनाथकाका. वरोरमधले जुने तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. चाळीस वर्षं त्यांनी स्वतःची होडी चालवली. मुलाने ती धरावी ही त्यांची इच्छा, आणि मुलाने धरलं जहाज. त्यावरून घरात भांडण असं कधी झालं नाही. फक्त बापलेकांतलं बोलणं कमी कमी होत गेलं, आणि शेवटी ‘जेवलास का’ आणि ‘कधी निघणार’ एवढ्यावर आलं.

निलेशने ती गाडी घेतली त्यात हौस होती, नाही असं नाही. पण बाबांना शेजारी बसवून एक चक्कर मारायची, हे त्याने जहाजावरच ठरवलं होतं. त्या दिवशी तो दारापर्यंत चालत गेला आणि म्हणाला, "बाबा, चला ना, मोरीपलीकडं उभी आहे. तिथून बसू."

काका म्हणाले, "नाक खाली घालून चालणारी वस्तू माझ्या दारात येत नाय, तं मी तिच्याकडं कशाला जाऊ? दारात आली तं बसेन." आणि आत गेले.

खरं सांगतो, मला पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याचा रागच आला. वीस पावलं चालला असता तर काय बिघडलं असतं! पण निलेशचं म्हणणं एकच होतं. "जुलैच्या शेवटी माझं जहाज आहे, मिस्त्री. त्याच्याआधी गाडी दारात न्यायचीय. आणि कायमची उंच नकोय. हायवेला उंच स्पोर्ट्स कार डुलते. गावात शिरताना नाक वर, बाहेर पडलं की परत खाली, असं पाहिजे."

जयंतीभाईंनी बंपर थोपटला आणि म्हणाले, "थई जशे!"

* * *

हे ‘थई जशे’, म्हणजे ‘होऊन जाईल’, जरा समजून घ्या.

जयंतीभाई उंबरगावचे, पण निम्मं आयुष्य तळासरीत. मराठी फर्डं बोलतात, फक्त वचन द्यायचं असलं की गुजरातीत देतात. एकदा एकाने विचारलं, ट्रॅक्टरला एसी बसेल का? "थई जशे!" दुसऱ्याने विचारलं, रिक्षाला सहा सीट होतील का? "थई जशे!" गिऱ्हाईक खूश होऊन पाठमोरं झालं की ते माझ्या लेथजवळ येतात, आवाज बारीक करतात आणि विचारतात, "दत्तूभाई, आ केवी रीते थशे?" म्हणजे हे होणार कसं?

त्या दिवशीही आले. मी म्हटलं, "मला विचारून हो म्हणत जा ना!"

"तुला विचारलं तर तू नाही म्हणतो ने!"

मग त्यांनीच एक उपाय काढला. निलेशला हाक मारून म्हणाले, "भाई, गाडी कशाला वर करते? मोरीच तोडून टाक ने!"

निलेश म्हणाला, "मोरी बाबांनीच बांधून घेतलीय. त्याच्याआधी उधाणाचं पाणी आमच्या चुलीपर्यंत यायचं."

जयंतीभाईंनी मुकाट्याने जॅक आणून गाडीच्या नाकाखाली लावला.

* * *

पापलेट हे नाव लहानूचं.

लहानू आमचा मेकॅनिक. तळासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या पाड्यात त्याचं घर आणि थोडी भातशेती. दिवसभरात शंभर शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "पापलेट." झालं, बारसं आटोपलं.

निलेशने ते घरी सांगितलं असावं. दोन दिवसांनी येऊन म्हणाला, "लहानूदादा, बाबांनी निरोप दिलाय. पापलेट पाण्यात उभं पोहतं म्हणे. आडवं दिसलं म्हणजे ते मेलेलं. हे तुझ्या मेकॅनिकला सांग, असं म्हणाले."

लहानू पाना खाली ठेवून हसला. "तुझा बाबूस बोलला एवढा?"

तेव्हा निलेशच्याही लक्षात आलं. वडिलांनी स्वतःहून काढलेलं ते त्या सुट्टीतलं पहिलं लांब वाक्य होतं!

* * *

नाक किती वर करायचं, यावर पुष्कळ चर्चा झाली.

निलेशने मोरीची मापं घेऊन सुंदर ड्रॉइंग केलं होतं, जहाजावर करतात तसं, मिलिमीटरमध्ये. इकडे काकांनी वरोरहून एक नारळ पाठवून दिला. निरोप एवढाच, की नाकाखालून हा जाऊ दे. नारळ असोला, म्हणजे सालीसकट, आणि वाळलेला.

आता हा आडवा जायला पाहिजे की उभा? जयंतीभाई म्हणाले आडवा, मी म्हटलं उभा. शेवटी निलेशने घरी फोन लावला. पलीकडून काका काय म्हणाले ते आम्हाला नीट ऐकू आलं. "जमिनीवर ठेवलेला नारळ उभा राहतो का रे? इंजिनिअर ना तू?"

आडवा ठरला. आणि गंमत म्हणजे निलेशचा ड्रॉइंगवरचा आकडा आणि त्या नारळाची जाडी यांत नखाएवढा फरक निघाला! चाळीस वर्षं ओहोटीचं पाणी नजरेने मोजलेला माणूस, दुसरं काय. माझा राग त्या दिवशी अर्धा उतरला.

त्यानंतर ड्रॉइंगकडे कुणी बघेना. लहानू काम झालं की नारळ सरकवून बघायचा. महिनाभर आमचं प्रमाण माप म्हणून तो टूलबॉक्सवर ठेवलेला होता. मग एक दिवस जयंतीभाईंनी डबा उघडला आणि सगळ्यांना वाटीवाटीने खोबऱ्याची चटणी वाढली. झकास झाली होती. वहिनींनी सांगून पाठवलं होतं, गॅरेजमध्ये नारळ उगाच पडून होता, म्हणून घरी नेला!

* * *

आता माझी चूक. ही मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

काम तसं समजायला सोपं आहे. पुढच्या प्रत्येक चाकाला एक शॉकअप असतो आणि त्याच्याभोवती स्प्रिंग. ती स्प्रिंग खाली एका वाटीवर बसते. वाटी कंपनीने वेल्ड केलेली, म्हणून उंची ठरलेली. आम्ही वाटी काढली. मी लेथवर बाहेरून आटे पाडलेली एक नळी केली आणि ती शॉकअपवर चढवली. तिच्यावर एक जाड गोल नट, आणि नटावर स्प्रिंग. नट फिरवत वर नेला की गाडीचं नाक वर, खाली आणला की खाली. नट आपोआप सुटू नये म्हणून खालून दुसरा नट. झालं!

डावीकडची नळी आणि तिचे नट मी सकाळी केले. मग एक बोअरवेलवाला घाईचं काम घेऊन आला, त्याच्यासाठी लेथचे गिअर बदलले. जेवण करून उजवीकडची नळी आणि तिचे नट केले. सगळं एकमेकांत छान बसलं. लहानूने दोन्हीकडे सारखे फेरे दिले, गाडी खाली उतरवली, आणि ती एका अंगाला कललेली!

लहानू म्हणाला, "फरशी वाकडी हाय."

हे खरंच होतं. गाड्या धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून आमच्या फरशीला उतार दिलेला आहे. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथल्या गवंड्याची सपाटी तपासायची पाण्याची नळी आणली, चारी चाकांखाली पत्रे सरकवून जागा सपाट केली. कललेलं जरा कमी झालं. जयंतीभाई ओरडले, "जोयुं? फरशीच वाकडी!" आणि त्यांनी त्याच आठवड्यात अर्धी फरशी उखडून नवीन घालून घेतली.

पण जरा कमी म्हणजे पूर्ण नाही. मी गुपचूप आट्यांवर गेज लावून बघितला. डावीकडचा आटा दोन मिलिमीटरचा होता आणि उजवीकडचा तीनचा. आट्यांमधलं अंतर गिअरवर ठरतं, आणि बोअरवेलचे गिअर परत बदलायला मी विसरलो होतो! डावीकडे दहा फेऱ्यांत जेवढं चढायचं तेवढं उजवीकडे सातांतच चढत होतं.

दुसऱ्या दिवशी लवकर येऊन मी उजवीकडची नळी आणि नट नव्याने केले आणि लहानू यायच्या आत चढवून ठेवले. गाडी सरळ उभी राहिली. जयंतीभाई आलेल्या-गेलेल्याला नवीन फरशी दाखवत होते. मीही मान डोलावत होतो. त्यांनी हे वाचलं तर आमच्यामधे भिंत नक्की उभी राहणार!

* * *

जुलै लागला आणि लहानू गायब.

उंची पक्की करायला पापलेट परत स्टँडवर चढवलेली, पुढची दोन्ही चाकं काढलेली, नट अर्धवट. निलेश हवालदिल. त्याचं जहाज तीन आठवड्यांवर आलेलं. मी सांगितलं, "आवणी लागली. लहानू आता लावणी उरकल्यावरच येणार." तर तो म्हणाला, "मी जाऊन घेऊन येतो." जयंतीभाईंनी तोंड उघडलं, पण मी हात दाबला. म्हटलं, जाऊ दे, बघू.

निलेश स्वच्छ शर्ट घालून पाड्यावर पोचला. लहानू सगळ्या घराबरोबर चिखलात वाकून रोपं लावत होता. निलेश बांधावरून म्हणाला, "दादा, दोन तासांसाठी चला. गाडी तशीच उभी आहे."

लहानू वाकूनच म्हणाला, "गाडी उभी राहिली तं काय होतं?"

"काही नाही होत, पण..."

"रोप उपटून ठेवलं तं मरतं."

आवणीच्या दिवसांत बांधावर हात बांधून उभं राहायची पद्धतच नाही. आलास ना, मग उतर. लहानूच्या बायकोने त्याच्या हातात रोपांची जुडी दिली. निलेशने पँट दुमडली.

तो परत आला तिसऱ्या दिवशी. कमरेत वाकलेला, शर्टाचा रंग ओळखू न येण्यासारखा, आणि बरोबर लहानू. घरच्यांनी लहानूला मोकळं केलं होतं, कारण निलेशने त्याच्या वाटणीच्या दोन खाचरांत लावणी केली होती. मी लहानूला बाजूला घेऊन विचारलं, "कसा आहे पोरगा कामाला?"

"ओळ वाकडी लावतो," लहानू म्हणाला. मग पाना उचलत म्हणाला, "पण उठत नाय."

लहानूकडून याच्याहून मोठी शाबासकी आम्हाला कुणालाच मिळालेली नाही.

* * *

रिकाम्या गाडीचं नाक वर असून काय उपयोग? शेजारी माणूस बसल्यावर ते किती दबतं, हे बघायला हवं होतं. काकांच्या वजनाचा माणूस पाहिजे. निलेश म्हणाला, बाबा साठ किलोचे असतील. जयंतीभाई म्हणाले, "मी बसतो. माझ्याने पास झाली तर कोणाने पण होणार!"

जयंतीभाईंचं वजन मी इथे लिहीत नाही. त्यांनी आधी एक पाय आत घातला, मग विचार करून तो काढला, दुसरा घातला, मग पाठमोरे होऊन बसले आणि लहानूने त्यांना आत लोटलं. निलेशने गाडी काढली. पेट्रोल पंपासमोरचा स्पीडब्रेकर आमच्याकडचा सगळ्यात वाईट, त्याच्यावर ट्रकसुद्धा कण्हतात. मी आणि लहानू रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलो. पापलेट आली, नाक उंच ठेवून चढली आणि अलगद उतरली. खालून खरचटल्याचा आवाज नाही, काही नाही! मी लहानूला मिठीच मारली. माझ्या आयुष्यात मी हजारो बुश आणि पिन केल्या असतील, पण आपण केलेल्या वस्तूवर आख्खी गाडी उभी राहून चालतेय हे बघताना ऊर भरून आला. ते लपवण्यात काही अर्थ नाही.

गाडी शेडमध्ये परत आली. निलेश उतरला. जयंतीभाई उतरेनात.

"या ना बाहेर!"

"थांब, हवा खातो."

पाच मिनिटांनी कळलं की त्यांना उठताच येत नाहीये. दार धरून झालं, हात ओढून झाला, लहानूने काखेत हात घालून बघितलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि आत डोकावून म्हणालं, "शेठ, माझ्या जीपचा गिअरबॉक्स आज निघेल का?"

जयंतीभाई आतूनच म्हणाले, "थई जशे! पहिला मला काढ!"

* * *

निलेशचं जहाज परवावर आलं होतं त्या दिवशी आम्ही वरोरला गेलो. निलेश पापलेटमध्ये, मी आणि लहानू मागून टेम्पोत, जॅक आणि पाने घेऊन. जयंतीभाईंना गॅरेज सोडवेना, पण त्यांनी नारळ दिला, नवा. पाऊस उघडलेला होता.

हायवे, चारोटी, डहाणू, सगळं अंतर गाडी खाली ठेवून आलो. मोरीच्या अलीकडे थांबलो. मासेमारी बंद असल्यामुळे गावातले सगळे पुरुष मोकळे. बंपर ओढणारे वीसही हजर! एकाने दोर आणला होता. निलेशने त्याला हात जोडले.

लहानूने जॅक लावला. डावीकडचे नट त्याने फिरवले, उजवीकडचे निलेशने. मी मोजत होतो. बारा फेरे, दोन्हीकडे. गाडी खाली उतरवली तेव्हा तिचं नाक चांगलं वर आलं होतं. गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "आता कशी होडीवानी दिसते."

काशिनाथकाका गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, दारात उभे. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटलं होतं कुणी धिप्पाड, मिशीवाला असेल. बारीकसा माणूस, धुतलेला सदरा, डोक्याला तेल लावून भांग पाडलेला. सकाळपासून तयार होऊन बसलेले असावेत. तेवढं बघितलं आणि माझा उरलेला रागही गेला.

निलेशने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. चाकं उंचवट्यावर चढली. सगळी गल्ली वाकून गाडीखाली बघत होती. नाक गेलं, पोट गेलं, मागची चाकं गेली. कुठेही काही टेकलं नाही. पोरंबाळं ओरडली, दोरवाल्याने दोर हवेत फिरवला, आणि पापलेट जाऊन काकांच्या दारात उभी राहिली.

काकांनी वाकून नाकाखाली हात घालून बघितला. मग गाडीच्या दाराकडे गेले, आणि आमच्या जयंतीभाईंना जे जमलं नाही ते त्यांनी एका झटक्यात केलं. होडीत उडी टाकतात तसे आत बसले.

दोघं गेले. मोरीवरून बाहेर, किनाऱ्याच्या रस्त्याने, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांपर्यंत. तासाभराने आले. काय बोलले, बोलले की नाही, मला माहीत नाही. निलेशचे डोळे लाल होते आणि तो खारं वारं लागलं असं म्हणत होता. काकूंनी सगळ्यांना चहा दिला.

चहा झाल्यावर काकांनी लहानूला जवळ बोलावलं. "हे जसं वर केलं, तसं खाली पण होतं ना?"

"होतं."

"मग कर खाली."

निलेश म्हणाला, "बाबा, आत्ता नको. मोरीपलीकडं गेल्यावर करू. उद्या मी ती मुंबईला ठेवून पुढं जाणार आहे."

"मुंबईला ट्रेनने जा. गाडी इथं राहील. कर रे खाली."

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या काही लक्षात येत नाहीये. मी समजावून सांगितलं, "काका, इथं दारात खाली केली तर ती मोरी ओलांडून बाहेर जाणार नाही. निलेश येईपर्यंत अशीच उभी राहील."

"म्हायती हाय," काका म्हणाले. "हा परत आला का वर करू."

लहानूने निलेशकडे बघितलं, जॅक उचलला आणि गाडीपुढे जाऊन मांडी घातली. निलेश उजव्या चाकाशी बसला. मी मोजायला लागलो तर काकांनी हात करून मला थांबवलं, आणि बारापर्यंत स्वतः मोजलं.